भांड्यावरचं नाव

स्वयंपाकघरातल्या अगदी वरच्या फळीवरचा एखादा जुना डबा आज जरा खाली काढा. पुसा, उजेडात धरा आणि काठाजवळ किंवा झाकणावर बघा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं दिसतील. कुणाचं तरी नाव, कुणाकडून तरी आलेली भेट, एखादी तारीख. ‘चि. सौ. कां.’ने सुरू होणारी आणि ‘यांजकडून सप्रेम भेट’ने संपणारी ओळ. काही डब्यांवर नुसती आद्याक्षरंच असतील. कारण नाव घालायचे पैसे अक्षरावर मोजले जायचे, आणि पैसा कुठे वाचवायचा हे आपल्या आया-आज्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं!

ही अक्षरं जिथे कोरली गेली, ती भांड्यांची दुकानं आता एकेक करून मिटत चालली आहेत. गावोगावच्या मैत्रिणींशी बोलताना प्रत्येकीच्या आठवणीत असं एक दुकान निघतंच. कुणाचं सांगलीचं, कुणाचं जळगावचं, कुणाचं पुण्याच्या तुळशीबागेतलं. माझं नाशिकच्या भांडीबाजारातलं.

आमच्या नाशकात भांड्यांसाठी अख्खा बाजारच आहे. सराफ बाजाराच्या अंगाने गंगेकडे उतरायला लागलं की भांडीबाजार येतो. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि बाहेरच्या माणसाने दुरुस्ती केली तरी ऐकत नाहीत.) तांब्या-पितळेच्या कामासाठी नाशिकचं नाव फार जुनं. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्येही इथल्या कारागिरीची नोंद आहे. सिंहस्थाला आलेला यात्रेकरू जाताना गंगेचं पाणी न्यायला तांब्याचा गडू घेणार, हे ठरलेलंच. तो बाजार आजही आहे. पण त्यातलं आमचं दुकान मात्र २०१८च्या दिवाळीनंतर बंद झालं.

आमचं म्हणायचं ते सवयीने. दुकान कुणा नात्यातल्यांचं नव्हतं. पण गल्लीतल्या सगळ्या घरांचं ते ‘आपलं’ होतं. पुढून अरुंद, आत बोगद्यासारखं लांबच लांब. वर छताला टांगलेल्या कळशा, बादल्या, पिंपं. खाली जमिनीवर पातेल्यांच्या चळती, मोठ्यात लहान, त्यात आणखी लहान. एका बाजूला परातींची रांग, दुसऱ्या बाजूला डब्यांच्या उतरंडी. गल्ल्यावर काका बसायचे आणि आतल्या अंगाला त्यांच्या मातोश्री. त्यांना सगळे मोठ्या आई म्हणायचे. बाईला काय हवंय ते तिने सांगायच्या आधी मोठ्या आईंना कळायचं. “नव्या सुनेला वेगळा चहा लागतो वाटतं? लहान पातेली दाखव रे वहिनींना.” झालं, गिऱ्हाईक लाजून हसायचं आणि पातेली खरेदी व्हायची.

तिथे शिकायलाही खूप मिळायचं. पितळेचं भांडं घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि नाद ऐकायचा. काशाचा नाद लांबतो, पितळेचा लवकर विरतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील, हे मला शाळेच्या पुस्तकाआधी मोठ्या आईंनी सांगितलं. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर ताक कळकतं, आंबट वरण हिरवट होतं, म्हणून कल्हईवाल्याची वाट बघायची. तो दारात भाता लावायचा, भांडं तापवायचा, नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर निघायचा. मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने एक हात मारला, की काळं पातेलं आतून चांदीसारखं! आम्हा पोरांना तो जादूचा प्रयोगच वाटायचा.

स्टील आलं तशी परीक्षाही बदलली. बायका पर्समध्ये लोहचुंबक घेऊन यायला लागल्या. चुंबक चिकटला तर स्टील हलकं, नाही चिकटला तर चांगलं, असा समज. काका हसायचे. म्हणायचे, “ताई, चुंबकाने अर्धीच गोष्ट कळते.” आणि ते खरंच आहे. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेलवालं उत्तम स्टील चुंबकाला दाद देत नाही. पण निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेलं स्वस्त स्टीलही बहुधा देत नाही. ते गंजण्याच्या बाबतीत मात्र डावं. म्हणजे चुंबक खिशात असला तरी शेवटी विश्वास दुकानदारावरच ठेवायचा!

पण या दुकानाचा खरा जीव होता तो मोडीत आणि वहीत.

मोड म्हणजे काय, ते आजच्या मुलींना सांगावं लागेल. घरातलं फुटकं, चेपलेलं, गळकं भांडं दुकानात न्यायचं. काका ते तराजूत टाकायचे, थोडी घट धरायचे आणि उरलेल्या वजनाचे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करायचे. भांडी नगावर नाही, वजनावर विकली जायची. त्यामुळे भांडं हा नुसता खर्च नव्हता, ती ठेव होती. कळशी पंचवीस वर्षं पाणी भरून मोडीत निघाली, तरी तिचं पितळ शिल्लक असायचं. सोनं घ्यायची ऐपत नसलेल्या बाईने साठवलेलं हे पिवळं धन. दुष्काळात, आजारपणात, फीच्या दिवसांत घरातली एखादी घागर गुपचूप बाजारात जायची. बरे दिवस आले की दुसरी यायची. ज्या घरात घंगाळ, बंब, हंडे रांगेने मांडलेले असत, त्या घरात मुलगी द्यायला लोक तयार होत, ते काही उगाच नाही.

आणि वही. काकांकडे लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या होत्या. त्यात भांड्यांच्या भिशीची खाती असायची. महिन्याला पाच रुपये, दहा रुपये, जमेल तसे आणून द्यायचे. वर्ष भरलं की जमलेल्या पैशांची भांडी घ्यायची. वर काका एखादी पळी नाहीतर चहाची गाळणी हातावर ठेवायचे. पण मला आज सगळ्यात विशेष वाटतं ते वेगळंच. ती खाती बाईच्या नावावर असायची. ‘वाड्यातल्या जोशींकडे’ किंवा ‘मास्तरांच्या घरून’ असं नाही, तिचं स्वतःचं नाव, पहिलं. ज्या काळात बँकेत जायला नवऱ्याची सोबत लागायची, किंबहुना बँकेत बाईचं काय काम असंच घरात मानलं जायचं, त्या काळात माझ्या आईचं आयुष्यातलं पहिलं खातं भांड्याच्या दुकानात होतं. भाजीच्या पैशातून उरवलेले, रद्दी विकलेले, भावाने ओवाळणीत घातलेले, असे सगळे पैसे तिथे जायचे. त्याचा हिशेब घरात कुणी विचारत नसे. भांडीच तर घेतेय!

बोहारणीचा व्यवहार याच्याच जवळचा, पण त्यात मजा वेगळी. जुन्या जरीच्या साडीवर स्टीलची परात की नुसतं पातेलं, यावर दारातच तासभर घासाघीस चालायची. “अगं ही साडी दोनदाच नेसलेय!” “मावशी, जर काळी पडलीय बघा!” शेवटी एक वाटी जास्तीची मिळाली की दोघी खूश. मात्र बोहारणीच्या भांड्याची किंमत मोठ्या आई एका नजरेत सांगायच्या. “हलकं आहे गं. साडी बरी होती.” झालं, आनंदावर विरजण!

वर्षाचं पंचांगच त्या दुकानात कळायचं. संक्रांत आली की वाणाच्या वस्तू डझनाच्या हिशेबाने बाहेर यायच्या. वाट्या, चमचे, गाळण्या, लहान डब्या. कुणी काय लुटलं याची बित्तंबातमी काकांकडे, म्हणून शहाण्या बायका आधी विचारून घ्यायच्या, “आमच्या गल्लीत गाळणी कुणी नेलीय का हो?” मग लग्नसराई. रुखवतासाठी पातेल्यांचा संच, मिसळणाचा डबा, पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र. अधिक महिन्यात जावयाला अनारशांबरोबर द्यायचं तांब्याचं ताम्हन. श्रावणात पूजेची उपकरणी. धनत्रयोदशीला तर पाय ठेवायला जागा नसायची. काही नाही तर एक पळी घ्यायची, पण रिकाम्या हाताने परतायचं नाही.

खरेदी झाली की शेवटचा विधी, नाव घालण्याचा. दुकानाच्या पायरीशी एक कारागीर बसायचे. आधी त्यांच्या हातात छोटी हातोडी आणि टोकदार खिळ्यासारखा छिन्ना असायचा. टकटक करत एकेक ठिपका. नंतर विजेचं यंत्र आलं आणि त्या टकटकीची गुणगुण झाली. काय लिहायचं ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. इथे बायकांची खरी कसोटी. ‘सौभाग्यवती’चं ‘सौ.’ व्हायचं, आडनावाचं एक अक्षर राहायचं. कैलासवासी सासऱ्यांच्या स्मरणार्थ दिलेल्या परातीवर ‘स्मर.’ एवढंच कोरून आणणाऱ्या एक आजी आमच्या वाड्यात होत्या. “त्यांना कळलंच असेल,” म्हणायच्या.

या अक्षरांत काय काय दडलेलं असतं! माझी आजी गेल्यावर तिची भांडी आवरताना एक लहानशी पितळी तपेली हाती आली. तिच्यावर एका नदीचं नाव होतं. आमच्या घरात त्या नावाचं कुणीच नाही. आईला विचारलं तर म्हणाली, “अगं, हे त्यांचं माहेरचं नाव.” लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं पुसलं गेलं, ते कायमचं. शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद कुणी जपलेली नाही. साठ वर्षं आजीला ज्या नावाने कुणी हाक मारली नाही, ते नाव तिच्या आईने लेकीला दिलेल्या एका तपेलीने तेवढं धरून ठेवलं होतं.

नाव घालण्यामागे आठवण होती तशी व्यवहाराची जाणही होती. पंगतीत, लग्नात भांडी शेजारीपाजारी जायची. परत येताना अदलाबदल नको, हे एक कारण. पण दुसरं कारण मोठ्या आई सांगायच्या, तेही आवाज खाली आणून. “लेकीच्या भांड्यावर लेकीचंच नाव घाल गं. जावयाचं नको, सासऱ्याचं नको.” त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. आमच्या मागच्या गल्लीतली एक मुलगी लग्नानंतर चारच वर्षांत विधवा झाली. सासरच्यांनी तिला नेसत्या लुगड्यानिशी माहेरी पाठवलं. दागिन्यांबद्दल ‘आमचेच होते’ म्हणून सांगितलं. पण भांड्यांच्या बाबतीत तसं म्हणता येईना. प्रत्येक भांड्यावर तिचं नाव होतं, तारीख होती, देणाऱ्याचं नाव होतं. काका स्वतः वही घेऊन तिच्या वडिलांबरोबर गेले. एकेक भांडं मोजून टेम्पोत चढवलं. त्या भांड्यांवर तिने पुढे डबे द्यायला सुरुवात केली. मोठे हंडे, पराती, पातेली घरात होतीच. भांडवल म्हणून वेगळं काही घालावं लागलं नाही. तिच्या मुलाचं शिक्षण त्याच भांड्यांनी केलं.

कायद्याच्या भाषेत याला स्त्रीधन म्हणतात. लग्नात मुलीला मिळालेले दागिने, कपडे, भांडी ही तिच्या एकटीच्या मालकीची; सासरी ती नुसती ठेवलेली असतात, म्हणून त्यांची होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्याच्या निकालात स्पष्ट केलं. अडचण येते ती सिद्ध करायची. पावत्या हरवतात, फोटोत सगळं दिसत नाही. कोरलेलं नाव मात्र घासून घासून पुसट होतं, पण जात नाही. मोठ्या आईंनी कायदा वाचलेला नव्हता. पण त्यांना तो कळलेला होता.

मग हे सगळं गेलं कुठे?

ते एका दिवसात गेलं नाही. आधी स्टीलने पितळेला घालवलं. घासायला सोपं, कल्हईची कटकट नाही, दिसायला लखलखीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत घराघरांतले बंब, घंगाळं, हंडे मोडीत निघाले आणि त्या बदल्यात स्टीलचे डबे आले. त्या पितळेबरोबर किती जणींची नावं भट्टीत वितळली असतील! आज तीच घंगाळं हॉटेलांच्या दारात फुलं तरंगवायला ठेवलेली दिसतात, आणि मोडीत दिली त्याच्या कितीतरी पटीने महाग मिळतात.

नंतर भांड्याला कंपनीचं नाव आलं. कुकर तर १९५९पासूनच होते. प्रेस्टिज आणि हॉकिन्स दोन्ही त्याच वर्षी आपल्याकडे सुरू झाले. औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) १९६८मध्ये सुरू झालेल्या निर्लेपने नॉनस्टिक तवा मराठी घरात आणला. तो इतका रुजला, की कुठल्याही कंपनीच्या नॉनस्टिक तव्याला आपण ‘निर्लेप’च म्हणायला लागलो. त्या निर्लेपचा कारभारही २०१८मध्ये बजाज इलेक्ट्रिकल्सकडे गेला. पुढे कॅसरोल आले, काचेचे आणि मायक्रोवेव्हचे डबे आले. या भांड्यांना ना मोड, ना वजनाची किंमत, ना नाव कोरायला जागा. तव्याचा काळा थर निघाला की तवा टाकून द्यायचा. भांडं ठेव राहिलं नाही, खर्च झालं.

आणि मग मॉल. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२मध्ये पवईत निघालं, बिग बझार २००१मध्ये सुरू झालं. एसीत फिरत, ढकलगाडी लोटत, कुणाला न विचारता हवं ते उचलायचं. बायकांना ते आवडलं, आणि का आवडू नये? मोठ्या आईंचे प्रश्न चुकवायची ती एक सोयही होती! गंमत म्हणजे बिग बझारने पुढे ‘जुनं आणा, नवं घेऊन जा’ची योजना काढली. जुनी भांडी, कपडे, रद्दी किलोवर घेत. काका पेपरातली ती जाहिरात बघून म्हणाले, “ही तर आपली मोड!” आज बिग बझारही नाही. २०२२मध्ये तीही दुकानं बंद झाली. दुकानांचं आयुष्य असंच; पण त्या दुकानात कुणाचं खातं नव्हतं, त्यामुळे हळहळ वाटली ती नोकरी गेलेल्यांसाठी, दुकानासाठी नाही.

आमच्या दुकानाने पूरही पचवला होता. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर नाशिककर पुराचा अंदाज बांधतो. २००८च्या सप्टेंबरात गोदावरीला महापूर आला तेव्हा भांडीबाजारात पाणी शिरलं. काकांनी आधी काय वर चढवलं, तर वह्या. नवी कोरी भांडी खालीच राहिली, चिखलात बुडाली. कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाले, “भांडं धुतलं की झालं. बायकांचा हिशेब धुऊन निघाला तर काय सांगू त्यांना?”

पण पुढची पिढी त्या गल्ल्यावर बसायला तयार नव्हती, आणि त्यांचंही काही चुकलं असं नाही. वजनावरच्या धंद्यात सुटतं तरी किती? नाव घालणारे कारागीर थकले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मोठ्या आई त्याआधीच गेल्या होत्या. बंद होण्याच्या आधीच्या आठवड्यात काकांनी गल्लीत निरोप धाडले. कुणाचं काही जमा राहिलं असेल तर घेऊन जा. आईच्या खात्यात एकशे चाळीस रुपये निघाले. कधीचे, ते तिलाही आठवेना. त्या पैशात तिने एक वाटी घेतली, वर थोडे घातले आणि यंत्र अजून चालू होतं म्हणून नाव घालायला सांगितलं. नातीचं. पूर्ण नाव, एकही अक्षर न वाचवता.

दुकान गेलं याचं वाईट वाटतंच. पण खरी चुटपुट आहे ती वेगळी. पूर्वीच्या बायकांकडे जमीन नव्हती, घर नव्हतं, खातं नव्हतं. त्यांच्या मालकीचं जे होतं, त्यावर त्यांनी नाव मात्र न विसरता घातलं. आज आपल्याकडे पगार आहे, आणि घराच्या हप्त्यात आपला निम्मा वाटा आहे. पण घराच्या कागदावर? गाडीच्या? मुदत ठेवीच्या पावतीवर पहिलं नाव कुणाचं? दहा मैत्रिणींना विचारा, निम्म्या जणी ‘ते हेच बघतात’ म्हणतील.

काळ थोडा आपल्या बाजूने सरकतोय. महाराष्ट्र सरकारने २०२१च्या अर्थसंकल्पात बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत जाहीर केली. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत नावापुढे आधी आईचं नाव लिहायचा निर्णय झाला. म्हणजे भांड्यावर नाव घालताना अक्षराला पैसे पडायचे. घराच्या कागदावर बाईचं नाव घातलं तर उलट पैसे वाचतात. हा हिशेब मोठ्या आईंना सांगितला असता, तर त्यांनी दुसरं काही ऐकूनच घेतलं नसतं. “मग थांबलीस कशाला? चिठ्ठी लिही!” म्हणाल्या असत्या.